चुंबकत्व शिकायचं तर ज्या क्रमाने ते सापडलं त्याच क्रमाने

सजातीय ध्रुव एकमेकांना दूर ढकलतात आणि विजातीय ध्रुव जवळ ओढतात, एवढ्यावर चुंबकत्वाचा धडा बहुतेक ठिकाणी आटोपतो. दोन्ही वाक्यं खरी आहेत. पण ती पाठ करून चुंबक कळत नाही, कारण ध्रुव म्हणजे काय, ते कुठून येतात, तांब्याच्या तारेचा त्यांच्याशी काय संबंध, यातलं काहीच त्यात येत नाही. हा विषय उलगडायला माणसाला दोन हजारांहून अधिक वर्षं लागली. त्यातले बहुतेक मोठे टप्पे मात्र टेबलावर, साध्या सामानात, पुन्हा करून बघता येतात. म्हणून इथे प्रयोगांचा क्रम इतिहासाचाच ठेवला आहे. प्रत्येक प्रयोगातून एक प्रश्न उरतो आणि त्याचं उत्तर पुढच्या माणसाने शोधलेलं असतं. एखादा प्रयोग जमला नाही तरी चालेल, क्रम मात्र मोडू नका.

सामान असं: दोन पट्टी चुंबक, एक छोटा पण ताकदवान निओडिमियम चुंबक, एक होकायंत्र, शिवणाच्या सुया, बारीक दोरा, पाण्याचं पसरट भांडं, बुचाचा किंवा थर्माकोलचा तुकडा, लोखंडाचा कीस, कोरे कागद, दीड व्होल्टचे एक-दोन सेल, वार्निश केलेली तांब्याची तार (मोटारीच्या वाइंडिंगला वापरतात ती, साधारण ०.४ मिलिमीटर जाडीची), सहा-सात सेंटिमीटर लांबीचा लोखंडी बोल्ट, तांब्याची किंवा अॅल्युमिनिअमची नळी, मल्टिमीटर आणि पक्कड. भांडं आणि टेबल लोखंडी नसावं, एवढी एक अट.

निओडिमियम चुंबक घरात आणण्याआधी एक गोष्ट गंभीरपणे लक्षात घ्या. असे दोन चुंबक लहान मुलाने गिळले, तर आतड्याच्या दोन वेगवेगळ्या वेढ्यांतून ते एकमेकांना ओढतात, मधली भिंत चिमटली जाते आणि आतड्याला भोक पडतं. ही जिवावरची गोष्ट आहे. लहान मुलं असतील तिथे हे चुंबक मोजून ठेवा आणि प्रयोगानंतर पुन्हा मोजा. पेसमेकर बसवलेल्या माणसाच्या छातीजवळ ते नेऊ नका.

पहिली पायरी: हा चुंबक आहे की नुसतं लोखंड?

निसर्गात चुंबक मिळतो तो मॅग्नेटाईट नावाच्या लोहखनिजाच्या काही दगडांच्या रूपात. सगळा मॅग्नेटाईट चुंबक नसतो. काही दगडांवर वीज कोसळते, तिच्या प्रचंड प्रवाहामुळे ते चुंबकित होतात, हे सर्वांत पटणारं स्पष्टीकरण आहे. ग्रीक विचारवंत थेल्सला या दगडाचं इतकं नवल वाटलं की लोखंड हलवतो म्हणजे त्यात आत्मा असला पाहिजे, असं त्याने म्हटल्याचं अ‍ॅरिस्टॉटलने नोंदवलं आहे. त्यानंतर शेकडो वर्षं लोक फक्त आकर्षणाकडे बघत राहिले.

इथेच पहिली मेख आहे. आकर्षण हा चुंबक असल्याचा पुरावा नाही. चुंबक साध्या खिळ्याला ओढतो, तसा खिळाही चुंबकाला ओढतो. चुंबक ओळखायचा तो प्रतिकर्षणावरून. एखादी वस्तू तुमच्या चुंबकाच्या एका टोकाकडे ओढली जाते आणि दुसऱ्या टोकापासून दूर ढकलली जाते, तरच ती स्वतः चुंबक आहे.

आता थोडं अवघड करून बघा. अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन पट्ट्या आहेत, एक चुंबक आणि एक साधं लोखंड, तिसरं काहीच हाताशी नाही. चुंबक कोणता? टोकाला टोक लावून कळणार नाही, दोन्हीकडून ओढच जाणवेल. एका पट्टीचं टोक दुसरीच्या बरोबर मध्यावर टेकवा. घट्ट चिकटलं तर टोक टेकवलेली पट्टी चुंबक. ओढ जवळजवळ नसेल तर मध्यावर ज्याला टेकवलं तो चुंबक, कारण पट्टी चुंबकाची ओढ टोकांशी एकवटलेली असते आणि मध्यावर नाममात्र उरते. हे कोडं दुसऱ्याला घालण्याआधी स्वतः हाताने करा.

दुसरी पायरी: सुईला दिशा शिकवणं

शिवणाची सुई टेबलावर धरा. चुंबकाचा उत्तर ध्रुव सुईच्या नेढ्यापाशी टेकवून टोकापर्यंत ओढत न्या, मग उचला, हवेतून लांबून परत आणा आणि पुन्हा नेढ्यापासून सुरुवात करा. असं तीस-चाळीस वेळा, नेहमी एकाच दिशेने. मागेपुढे घासलंत तर केलेलं काम तुम्हीच पुसून टाकता. जिथे घासणं संपतं त्या टोकाला घासणाऱ्या ध्रुवाच्या विरुद्ध ध्रुव तयार होतो, म्हणजे इथे सुईचं अणकुचीदार टोक दक्षिण ध्रुव होईल. ती सुई बुचाच्या चकतीवर आडवी ठेवून पाण्यावर सोडा. ती वळेल, डोलेल आणि उत्तर-दक्षिण स्थिरावेल.

चीनमध्ये शेन क्वो याने १०८८ च्या सुमारास चुंबकपाषाणावर घासलेली सुई रेशमाच्या एकेरी धाग्याला टांगण्याची कृती लिहून ठेवली. सुई नेमकी दक्षिण दाखवत नाही, जराशी पूर्वेकडे कललेली असते, असंही त्याने लिहिलं. युरोपात होकायंत्राच्या सुईचा पहिला उल्लेख अलेक्झांडर नेकमच्या लिखाणात, ११९० च्या आसपास येतो.

तरंगत्या सुईकडे नीट बघा. ती फक्त वळते, उत्तरेकडच्या काठाला जाऊन लागत नाही. म्हणजे उत्तरेकडून कोणी तिला ओढत नाही. सुईच्या एका टोकाला उत्तरेकडे जेवढा जोर लागतो तेवढाच दुसऱ्या टोकाला दक्षिणेकडे. दोन्ही जोर सारखे आणि उलटे असल्यामुळे सुई फिरते, सरकत नाही. चुंबक जवळ आणला की मात्र ती फिरतेही आणि धावतेही, कारण जवळच्या टोकाला दूरच्या टोकापेक्षा जास्त जोर लागतो. वळवणं आणि ओढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक शाळेत क्वचितच सांगितला जातो.

शेन क्वोने पाहिलेला कल मोजायचा असेल तर खरी उत्तर सूर्याकडून काढावी लागते. सपाट जमिनीवर काठी सरळ उभी करा, तिच्याभोवती वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला आत शिरताना जिथे छेदतं तिथे खूण करा, दुपारनंतर ते बाहेर पडताना दुसरी खूण करा. या दोन खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम असते आणि तिला काटकोनात असलेली उत्तर-दक्षिण. होकायंत्राची सुई या रेषेशी जो कोन करते त्याला दिक्पात म्हणतात. काही ठिकाणी तो एखाद्या अंशाहून कमी, काही ठिकाणी पंधरा-वीस अंशही असतो. १६३४ मध्ये हेन्री गेलिब्रँडने लंडनजवळ तो मोजला तेव्हा सुमारे ४ अंश भरला. त्याच भागात १५८० मध्ये तो ११ अंशांच्या वर होता. म्हणजे पृथ्वीचं चुंबकत्व हळूहळू सरकत असतं.

दुसरा कल उभा असतो. चुंबकित न केलेली सुई मध्यावर दोरा बांधून अगदी आडवी तोलून धरा, दोऱ्याची गाठ डिंकाने पक्की करा आणि मग तिला चुंबकित करा. वजन तेच असूनही तिचं एक टोक खाली झुकेल. उपकरणं बनवणाऱ्या रॉबर्ट नॉर्मनने १५८१ मध्ये हा झुकाव प्रसिद्ध केला. लंडनमध्ये त्याने तो ७१ अंश ५० मिनिटं मोजला होता. चुंबकीय विषुववृत्ताजवळ सुई आडवीच राहते, ध्रुवांकडे जावं तसतशी ती उभी होत जाते. सुईला दिशा देणारं जे काही आहे ते आकाशात नाही, पायाखाली आहे, याचा हा पहिला भक्कम पुरावा होता.

तिसरी पायरी: चुंबक तोडणं

१२६९ च्या ऑगस्टमध्ये, इटलीतल्या लुचेरा गावाला वेढा पडलेला असताना, सैन्यातल्या पेत्रुस पेरेग्रिनसने मित्राला एक लांब पत्र लिहिलं. चुंबकाचा हा पहिला खऱ्या अर्थाने प्रायोगिक अभ्यास. चुंबकपाषाणाचा गोळा घ्यायचा, त्यावर छोटी सुई ठेवायची, ती ज्या दिशेला स्थिरावेल ती रेष दगडावर आखायची आणि हेच अनेक जागी करायचं. सगळ्या रेषा दोन बिंदूंत मिळतात, ते ध्रुव. त्याने दगड तोडूनही पाहिला.

तुम्ही सुई तोडा. चुंबकित सुई जाड फडक्यात गुंडाळा आणि पकडीने मधोमध मोडा. तुकडा उडतो, तेव्हा डोळ्यांना चष्मा हवाच. आता दोन्ही अर्धे होकायंत्राजवळ नेऊन तपासा. एका अर्ध्याला फक्त उत्तर आणि दुसऱ्याला फक्त दक्षिण ध्रुव मिळेल असं वाटतं, पण तसं होत नाही. प्रत्येक तुकडा पूर्ण चुंबक असतो, तुटल्या जागी दोन नवे ध्रुव उगवलेले असतात. तुकडे पुन्हा टोकाला टोक लावून धरा, मधले ध्रुव नाहीसे होतात.

या निकालापाशी थोडं थांबा. सगळं चुंबकत्व इथून समजतं. ध्रुव ही चुंबकात भरलेली वस्तू असती तर तोडल्यावर ती वाटली गेली असती. ध्रुव म्हणजे आत चाललेल्या एका रचनेची फक्त दोन तोंडं आहेत. विद्युतभाराचं असं नाही, धन भार एकटा सापडतो आणि ऋण भारही. एकटा चुंबकीय ध्रुव असू शकेल, असं भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकने १९३१ मध्ये गणिताने दाखवलं, पण आजवर तो कोणालाही सापडलेला नाही. मग ती आतली रचना कशाची? पेरेग्रिनसच्या या प्रश्नाला साडेपाचशे वर्षं उत्तर नव्हतं.

चौथी पायरी: भोवतालची जागा चितारणं

पट्टी चुंबक प्लास्टिकमध्ये गुंडाळा, नाहीतर त्याला चिकटलेला कीस काढताना जीव जाईल. वर कागद ठेवा, कीस उंचावरून विरळ भुरभुरवा आणि कागदाला बोटाने हलक्या टिचक्या मारा. प्रत्येक कण स्वतः छोटा चुंबक होतो, शेजारच्याच्या टोकाला टोक लावतो आणि साखळ्या तयार होतात. चित्र सुंदर दिसतं, पण ते थोडं फसवंही असतं. रेषांच्या मधल्या जागेत काहीच नाही असा समज होतो. क्षेत्र, म्हणजे चुंबकाचा भोवतालचा प्रभाव, सगळीकडे असतं, रेषा आपण काढतो.

मला स्वतःला किसापेक्षा होकायंत्राची पद्धत कितीतरी मोलाची वाटते. वेळ लागतो, पण दिशा कळते. चुंबकाच्या उत्तर टोकाजवळ छोटं होकायंत्र ठेवा, सुईच्या पुढच्या टोकापाशी पेन्सिलीने ठिपका द्या. आता होकायंत्र असं सरकवा की सुईचं मागचं टोक त्या ठिपक्यावर येईल. पुन्हा पुढे ठिपका. असं करत दक्षिण टोकाशी पोचलात की ठिपके जोडा. ही एक बलरेषा झाली. अशा दहा-बारा काढा. त्या एकमेकींना कुठेही छेदत नाहीत, कारण एका जागी सुई दोन दिशा दाखवू शकत नाही.

चुंबकाचा उत्तर ध्रुव उत्तरेकडे तोंड करून ठेवला असेल, तर त्याच्या पूर्वेला आणि पश्चिमेला एकेक जागा अशी सापडेल की तिथे सुईला कुठली दिशाच धरवत नाही. तिथे चुंबकाचं क्षेत्र आणि पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा भाग एकमेकांना पुरते पुसून टाकतात. हा शून्यबिंदू शोधताना पृथ्वी चुंबक आहे हे पहिल्यांदा खरोखर पटतं. निओडिमियम चुंबक मात्र होकायंत्राजवळ नेऊ नका, सुईचे ध्रुव उलटे होतात आणि मग ती उत्तरेऐवजी दक्षिण दाखवत राहते.

आकडे हवे असतील तर मोबाईलमध्ये चुंबकीय संवेदक असतो, तो मायक्रोटेस्लामध्ये मोजतो. पृथ्वीचं क्षेत्र जागेनुसार सुमारे २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं. फोन स्थिर ठेवा, तिन्ही अक्षांवरचे आकडे टिपा, मग एक साधा, कमजोर चुंबक एकाच रेषेत १० सेंटिमीटरवर आणि मग २० सेंटिमीटरवर ठेवून पुन्हा टिपा. चुंबक नसतानाचे आकडे अक्षवार वजा करा. अंतर संवेदकापासून मोजा. चुंबक फोनवरून फिरवताना जिथे सर्वांत मोठा आकडा दिसतो तिथे संवेदक बसवलेला असतो. अंतर दुप्पट केल्यावर क्षेत्र साधारण एक अष्टमांश होतं. फ्रेंच शास्त्रज्ञ कूलाँने १७८५ मध्ये पिळाच्या तराजूने (तारेला पडणाऱ्या पिळावरून बल मोजणारं उपकरण) मोजलं तेव्हा एकेका ध्रुवाचं बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात निघालं होतं. पण चुंबकाला नेहमी दोन ध्रुव असतात, लांबून ते एकमेकांचा परिणाम बराचसा खोडून काढतात आणि वर्गाच्या जागी घन येतो. चुंबकाची ओढ जवळ इतकी जबर आणि वीतभर अंतरावर इतकी लुळी का, याचं कारण हे.

पाचवी पायरी: पृथ्वीचा गोळा आणि तापलेली सुई

राणी एलिझाबेथचा वैद्य विल्यम गिल्बर्ट याने १६०० मध्ये चुंबकावरचा आपला मोठा लॅटिन ग्रंथ छापला. लसूण चोळला की चुंबकाची शक्ती जाते, अशी त्या काळी पक्की समजूत होती. गिल्बर्टने चुंबकाला लसूण चोळून पाहिला, काही झालं नाही, आणि तसं लिहून टाकलं. त्याचा मुख्य प्रयोग म्हणजे चुंबकपाषाणाचा गोळा आणि त्यावर ठेवलेली बारीक सुई. गोळ्याच्या मध्यावर सुई आडवी राहते, ध्रुवावर उभी राहते. नॉर्मनच्या सुईचं वागणं गोळ्यावर जसंच्या तसं दिसलं आणि गिल्बर्टने निष्कर्ष काढला की पृथ्वी हाच एक प्रचंड चुंबक आहे. छोटा पट्टी चुंबक मातीच्या गोळ्याच्या मधोमध पुरून आणि दोऱ्याला टांगलेली अर्धी सुई त्यावरून फिरवून हे तुम्हालाही दिसेल. सुईचं उत्तर टोक उत्तरेकडे ओढलं जातं, म्हणजे पृथ्वीच्या उत्तर भागात चुंबकीय दृष्ट्या दक्षिण ध्रुव आहे, हेही इथेच लक्षात येतं.

गिल्बर्टचं म्हणणं एका बाबतीत टिकलं नाही, आणि का टिकलं नाही ते सुई तापवून कळतं. चुंबकित सुई पकडीत धरा, पूर्व-पश्चिम ठेवा आणि ज्योतीत लख्ख लाल होईपर्यंत तापवा. नुसती लालसर झाली तर पुरत नाही. पूर्व-पश्चिमच ठेवून थंड होऊ द्या. आता ती पाण्यावर सोडली तर तिला दिशा उरलेली नसते. लोखंडाचं चुंबकत्व ७७० अंश सेल्सिअसला मावळतं. पिअर क्यूरीने १८९५ मध्ये या तापमानांचा पद्धतशीर अभ्यास केला, म्हणून त्याला क्यूरी तापमान म्हणतात. निकेलचं ते ३५८ अंशांच्या आसपास आहे, कोबाल्टचं ११०० अंशांच्या वर.

पृथ्वीचा गाभा हजारो अंश तापलेला आहे. तिथे कायमचा चुंबक असूच शकत नाही. आजची समजूत अशी: सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर वितळलेल्या लोखंडाचा बाह्य गाभा सुरू होतो, तो उष्णतेमुळे घुसळला जातो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे त्या प्रवाहांना पीळ पडतो, त्यांत वीज वाहते आणि ती वीज चुंबकत्व निर्माण करते. म्हणूनच दिक्पात सरकतो. म्हणूनच पृथ्वीचे ध्रुव इतिहासात अनेकदा उलटेपालटे झाले, शेवटचे सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी.

तापलेल्या सुईचा उलटा प्रयोगही करा. सुई पुन्हा लख्ख लाल करा आणि या वेळी उत्तर-दक्षिण धरून त्याच दिशेत पाण्यात बुडवा. ती क्षीण का होईना, चुंबक होते. चीनमधल्या १०४४ च्या एका लष्करी ग्रंथात लोखंडी पत्र्याचा मासा असाच तापवून, शेपूट उत्तरेकडे धरून पाण्यात थंड करण्याची कृती आहे. तापलेलं लोखंड थंड होताना पृथ्वीचं क्षेत्र आपल्या अंगात गोठवून घेतं. ज्वालामुखीचे खडकही हेच करतात आणि ध्रुव उलटल्याची नोंद आपल्याला त्यांतूनच वाचता आली.

सहावी पायरी: तार आणि होकायंत्र

आता उत्तराची वेळ. होकायंत्र टेबलावर ठेवा, सुई स्थिर झाली की तिच्या वरून, अगदी तिला समांतर, म्हणजे उत्तर-दक्षिण, तार ताणून धरा. टोकं सेलला पाच सेकंदांपुरती लावा, जास्त नको, तार आणि सेल दोन्ही तापतात. सुई झटकन आडवी वळेल. सेल उलटा करा, ती दुसरीकडे वळेल. तार सुईच्या खाली धरा, पुन्हा उलट. तार पूर्व-पश्चिम धरली तर प्रयोग फसल्यासारखा वाटतो, कारण तिचं क्षेत्र मग पृथ्वीच्याच रेषेत पडतं.

कोपनहेगनच्या हान्स क्रिस्तिआन ओर्स्टेडने २१ जुलै १८२० रोजी हे जाहीर केलं. त्याच्या समकालीनांना धक्का बसला तो दिशेचा. तोवर माहीत असलेली सगळी बलं दोन वस्तूंना जोडणाऱ्या रेषेत ओढायची किंवा ढकलायची. इथे बल आडवं होतं, तारेभोवती गोल फिरणारं. उजव्या हाताचा अंगठा प्रवाहाच्या दिशेने धरून तारेला मूठ घाला, बोटं वळतात तशा बलरेषा वळतात. प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे, तार सुईच्या वर, तर सुईचं उत्तर टोक पश्चिमेला जातं. हे एकदा ताडून बघितलं की नियम पाठ करावा लागत नाही. दोन अँपिअर प्रवाहाच्या तारेपासून दोन सेंटिमीटरवर क्षेत्र २० मायक्रोटेस्ला भरतं, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या तोडीचं. सुई एवढी ठळक वळते ती त्यामुळे.

बातमी पॅरिसला पोचल्यावर फ्रेंच शास्त्रज्ञ अँपिअरने त्याच सप्टेंबरमध्ये दाखवलं की एका दिशेने प्रवाह वाहणाऱ्या दोन समांतर तारा एकमेकींना ओढतात, उलट दिशेच्या ढकलतात. चुंबक कुठेही नाही, तरी चुंबकाचं बल. मग चुंबकाच्या आतही छोटे-छोटे प्रवाह गोल फिरत असले पाहिजेत, असं त्याने मांडलं. तोडलेल्या सुईचं कोडं इथे सुटतं. गोल फिरणाऱ्या प्रवाहाला नेहमी दोन बाजू असतात, तुम्ही तो कसाही कापा.

सातवी पायरी: विद्युतचुंबक, आणि किती वेढे घ्यायचे

इंग्लंडच्या विल्यम स्टर्जनने १८२४ मध्ये नालाच्या आकाराच्या, वार्निश दिलेल्या नरम लोखंडावर उघड्या तारेचे अठरा वेढे घेतले. सुमारे २०० ग्रॅमच्या त्या लोखंडाने ४ किलो वजन उचललं. अमेरिकेत जोसेफ हेन्रीने तारेलाच आवरण दिलं, त्यामुळे वेढ्यावर वेढा चढवता आला आणि ताकद शेकडो किलोंपर्यंत गेली.

तुमच्या बोल्टवर तारेचे शंभर वेढे घ्या, सगळे एकाच दिशेने, घट्ट आणि शेजारी-शेजारी. दोन्ही टोकांचं वार्निश ब्लेडने किंवा पॉलिश कागदाने पूर्ण खरवडा. ‘चुंबक होतच नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच न खरवडलेलं वार्निश असतं. सेल लावा, टाचण्या उचलून बघा, मोजा.

आता वेढे दोनशे केले तर ताकद दुप्पट होईल? पुस्तकं तसं म्हणतात आणि तिथेच गोंधळ होतो. ताकद ठरते वेढे गुणिले प्रवाह यावर. शंभर वेढ्यांना आठ मिलिमीटरच्या बोल्टवर सुमारे पावणेतीन मीटर तार लागते, ०.४ मिलिमीटर जाडीला तिचा रोध जेमतेम ०.४ ओहम. वेढे दुप्पट केले की तार दुप्पट, रोध दुप्पट, प्रवाह त्यामुळे कमी. सेलला स्वतःचा अंतर्गत रोध नसता तर गुणाकार तसाच राहिला असता आणि ताकद तिळभरही वाढली नसती. सेलला तो असतो, म्हणून ती काहीशी वाढते. जास्त वेढ्यांचा खरा फायदा वेगळा आहे: तेवढीच ताकद कमी प्रवाहात मिळते, तार कमी तापते आणि सेल कितीतरी जास्त टिकतो. ताकदच वाढवायची असेल तर तार जाड घ्या किंवा सेल एकापुढे एक जोडा, आणि तापण्यावर लक्ष ठेवा.

बोल्ट काढून नुसत्या वेटोळ्यात प्रवाह सोडला तर टाचणीही धड हलत नाही. लोखंड क्षेत्राला अनेक पटींनी वाढवतं. प्रवाह बंद केल्यावर नरम लोखंडातलं चुंबकत्व जवळजवळ जातं, कठीण पोलादातलं बरंचसं राहतं. क्रेनला पहिलं हवं, होकायंत्राच्या सुईला दुसरं.

आठवी पायरी: चुंबकाकडून वीज

विजेपासून चुंबक होतो, तर चुंबकापासून वीज का नाही? इंग्रज शास्त्रज्ञ मायकल फॅरडेने यावर वर्षानुवर्षं डोकं घातलं आणि १८३१ मध्ये उत्तर मिळवलं. पोकळ पुठ्ठ्याच्या नळीवर तीनशे वेढे घ्या, टोकं मल्टिमीटरला जोडा, मापन मिलिव्होल्टवर ठेवा. चुंबक नळीत ठेवून द्या: शून्य. आत ढकला: आकडा दिसतो. बाहेर ओढा: उलट चिन्हाचा आकडा. भरभर हलवा: मोठा आकडा. चुंबक नुसता असून वीज मिळत नाही, वेटोळ्यातलं क्षेत्र बदलावं लागतं. इतकी वर्षं सगळे स्थिर चुंबकापाशी वीज शोधत होते, तेच चुकत होतं.

मग तांब्याची नळी उभी धरा आणि तिच्यात जेमतेम मावणारा निओडिमियम चुंबक सोडा. अर्ध्या मीटरच्या नळीतून साधा दगड सेकंदाच्या एक तृतीयांशात खाली येतो. चुंबक जाड भिंतीच्या नळीतून रमतगमत, कित्येक सेकंदांनी बाहेर पडतो. तांबं चुंबकाला चिकटत नाही, हे आधी तपासून घ्या. पडत्या चुंबकामुळे नळीच्या भिंतीत गोल प्रवाह उठतात आणि ते त्याच्या पडण्याला विरोध करतात. विरोधाचा हा नियम लेन्झने १८३४ मध्ये सांगितला. विरोधाऐवजी मदत झाली असती तर चुंबक वेग घेत गेला असता आणि ऊर्जा फुकट मिळाली असती.

नववी पायरी: मग सगळंच लोखंड चुंबक का नाही?

अँपिअरचे छोटे प्रवाह म्हणजे इलेक्ट्रॉन, हे विसाव्या शतकात कळलं. इलेक्ट्रॉन अणूत फिरतो म्हणून आणि त्याहून जास्त त्याच्या अंगच्या स्पिनमुळे (स्वतःभोवती फिरण्यासारखा एक उपजत गुणधर्म) तो स्वतः एक चिमुकला चुंबक असतो. बहुतेक पदार्थांत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या उलट-सुलट बसून एकमेकांना पुसून टाकतात. लोखंड, कोबाल्ट, निकेल यांत काही इलेक्ट्रॉन बिनजोडीचे राहतात आणि शेजारचे अणू त्यांना एकाच दिशेला धरून ठेवतात. १९०७ मध्ये पिअर वाईसने सुचवलं की लोखंडात असे एकदिश अणूंचे छोटे-छोटे प्रदेश असतात, त्यांना डोमेन म्हणतात. साध्या खिळ्यात प्रत्येक डोमेन पुरता चुंबकित असतो, पण दिशा वेगवेगळ्या, म्हणून बेरीज शून्य. सुई घासताना तुम्ही योग्य दिशेचे डोमेन इतरांच्या खर्चाने वाढवत होतात. तापवताना अणूंची थरथर त्यांची एकी मोडत होती. नरम लोखंडात डोमेनच्या सीमा सहज सरकतात, पोलादात अडकून बसतात. शेजारचे अणू एकदिश का होतात, हे मात्र साध्या चुंबकीय ओढीने समजावता येत नाही, ती फार दुबळी पडते. ते १९२८ मध्ये हायझेनबर्गने क्वांटम सिद्धान्तातून दाखवलं.

बाकीचे पदार्थही चुंबकाकडे अगदी दुर्लक्ष करत नाहीत. १८४५ मध्ये फॅरडेने दाखवलं की बहुतेक वस्तू चुंबकापासून किंचित दूर ढकलल्या जातात. पाणीही त्यातलंच. एक हलकी काडी दोऱ्याला मध्यावर टांगा, दोन्ही टोकांना एकेक रसदार द्राक्ष खोचा, काडी पूर्ण थांबू द्या, खोलीतला पंखा बंद ठेवा. निओडिमियम चुंबक एका द्राक्षाच्या अगदी जवळ, न टेकवता आणा. द्राक्ष हळूच मागे सरकेल, आणि चुंबकाची बाजू उलटली तरी मागेच सरकेल. १९९७ मध्ये नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या प्रयोगशाळेत आंद्रे गाइम आणि सहकाऱ्यांनी सुमारे १६ टेस्लाच्या क्षेत्रात याच परिणामाने जिवंत बेडूक अधांतरी तरंगवला.

प्रयोग संपल्यावर पट्टी चुंबक सुटे टाकू नका. दोन्ही शेजारी ठेवा, विजातीय ध्रुव एकाच बाजूला येतील असे, मध्ये लाकडाची पट्टी आणि दोन्ही टोकांना नरम लोखंडाचा एकेक तुकडा. त्यामुळे बलरेषा लोखंडातून फिरून बंद होतात आणि चुंबक स्वतःच्याच क्षेत्राने क्षीण होत नाही. पाडू नका, आपटू नका, उष्णतेजवळ ठेवू नका. निओडिमियमला लोखंडाची जोड लागत नाही, पण त्याचा साधा प्रकार ८० अंशांच्या वर ताकद गमावू लागतो. तो ठिसूळही असतो, दोन चुंबक एकमेकांवर आदळले तर कपचे उडतात. त्यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा जाड तुकडा घाला आणि सोडवताना सरळ ओढण्याऐवजी बाजूला सरकवून सोडवा.